ऐरोली-महापेला बाँडवाली आयटी नोकरी घेताय? सही करायच्या आधी आणि सोडायच्या आधी काय काय बघायचं

सकाळी साडेआठला ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणेला उतरणारी गर्दी बघा, त्यात बावीस-तेवीस वर्षांची कितीतरी पोरं-पोरी असतात ज्यांच्या गळ्यात कार्ड एका कंपनीचं, पगार दुसऱ्याच कन्सल्टन्सीकडून, आणि त्या कन्सल्टन्सीच्या कपाटात त्यांनी सही केलेला दोन वर्षांचा बाँड, म्हणजे त्याआधी सोडलं तर ठरलेले पैसे भरीन असा करार. मी त्यातलीच एक होते. २०१८ ला बीएस्सी आयटी झाल्या झाल्या महापेच्या एका कन्सल्टन्सीत लागले, २४ महिने आणि दीड लाखाचा बाँड, १७ महिन्यांनी सोडला. आता ऐरोलीलाच दुसरीकडे आहे. दर जून-जुलैत कोणाच्या तरी मावसबहिणीचा, कोणाच्या तरी शेजारच्या मुलाचा फोन येतो की ताई ऑफर आलीये पण बाँड आहे, घेऊ का? प्रत्येकाला तेच सांगून झालंय म्हणून आता एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

पहिली गोष्ट, बाँड आहे म्हणून नोकरी वाईट असं नसतं. धंदा समजून घ्या. कन्सल्टन्सी फ्रेशर घेते, दोन-तीन महिने जावा नाहीतर टेस्टिंग नाहीतर सपोर्टचं शिकवते, मग क्लायंटकडे बसवते. क्लायंट तुमच्या नावावर महिन्याला जे पैसे देतो त्यातला एक भाग तुमचा पगार, बाकीचा कंपनीचा. तुम्ही सहा महिन्यांत गेलात तर शिकवण्याचे पैसे त्यांचे वसूल होत नाहीत. एवढं मान्य आहे. माझ्या बॅचची चार पोरं आज चांगल्या ठिकाणी आहेत ती त्याच ट्रेनिंगमुळे, कारण ६० टक्केच मिळालेल्या बीएस्सीवाल्याला कॅम्पसला कोणी उभं करत नव्हतं. माझं म्हणणं एवढंच की बाँडमधल्या कलमापेक्षा तुम्ही त्या दिवशी टेबलावर काय ठेवून येता ते जास्त महत्त्वाचं आहे. ओरिजिनल मार्कशीट, कोरे चेक, बाबांची सही. पुढे सोडताना अडचण होते ती या तीन गोष्टींनी होते, कलमाने नाही.

ऑफर आल्यावर, सही करायच्या आधीचे दोन-तीन दिवस

कंपनीचं नाव कॉर्पोरेट मंत्रालयाच्या म्हणजे एमसीएच्या साइटवर टाका, कंपनी मास्टर डेटा फुकट दिसतो, कधी सुरू झाली, भांडवल किती, पत्ता कुठला. मग ईपीएफओच्या म्हणजे पीएफ ऑफिसच्या साइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्चमध्ये तेच नाव टाका. तिथे कोणत्या महिन्यात किती लोकांचा पीएफ भरला ते दिसतं. इंटरव्ह्यूला सांगितलं असेल आमच्याकडे ४०० लोक आहेत आणि पीएफ ३० जणांचा भरलेला दिसला तर बाकीचे कुठे आहेत ते एचआरला विचारा. विचारायला लाजू नका, हे त्यांनाही माहीत असतं की दिसतं.

आणि जो कोणी आधी पैसे मागेल, डिपॉझिट म्हणा, ट्रेनिंग फी म्हणा, लॅपटॉप सिक्युरिटी म्हणा, त्याच्याकडे जायचंच नाही. बाँड म्हणजे मधेच सोडलं तर पैसे द्यायचे, नोकरी लागायच्या आधी भरायचे नाहीत. या एका गोष्टीवर मी अजून कोणाला सूट दिलेली नाही.

बाँडची कॉपी सहीच्या दोन दिवस आधी मेलवर मागा. इथेच आमची पहिली चूक झाली. मला आठवतं, महापेला मिलेनियम बिझनेस पार्कच्या बाजूच्या एका बिल्डिंगमधे तिसरा मजला, छोटी काचेची केबिन, मी आणि बाबा, बाबा वागळे इस्टेटला कंपनीत होते, त्या दिवशी हाफ डे टाकून आले होते. एचआर मॅडमनी सात पानं समोर ठेवली आणि प्रत्येक पानाच्या खाली पेन्सिलने फुली मारलेली होती, इथे सही, इथे सही, इथे काकांची सही. बाबांनी तिसरं पान वाचायला चष्मा लावला तर त्या म्हणाल्या, "काका, ही फक्त फॉर्मॅलिटी आहे, सगळ्यांनीच केलीये." बाहेर अजून सहा जणं बसलेली. बाबांनी चष्मा काढला आणि सही केली. उठताना एवढंच विचारलं, "मॅडम, याची झेरॉक्स आम्हाला मिळेल का?" नंतर मेल करते म्हणाल्या. सतरा महिने तो मेल आला नाही, आणि मी सोडायला निघाले तेव्हा माझ्याच बाँडमधे नेमकं काय लिहिलंय हे मला माहीत नव्हतं.

म्हणून, कॉपी आधी मिळाली नाही तर निदान सही झाल्यावर तिथेच बसून प्रत्येक पानाचा फोटो काढा. नाही म्हणाले तर सही करू नका. ज्या कागदाने तुम्ही दोन वर्षं बांधले जाता त्याचा फोटो काढायला कोणी अडवत असेल तर पुढे ते काय करतील याचा अंदाज तिथेच येतो.

वाचताना डोळे कुठे ठेवायचे

सगळा बाँड पाठ करायची गरज नाही, चार-पाच जागा नीट बघा.

मुदत कधीपासून मोजतात? जॉइनिंगच्या तारखेपासून, ट्रेनिंग संपल्यापासून, की पहिल्या प्रोजेक्टवर लागल्यापासून? माझ्यात "डिप्लॉयमेंटच्या तारखेपासून" होतं. मी जुलैमधे जॉइन झाले, तीन महिने ट्रेनिंग, मग दोन महिने बेंचवर म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसून, डिसेंबरमधे प्रोजेक्ट मिळाला. म्हणजे माझ्या हिशोबाने १७ महिने झाले होते आणि त्यांच्या हिशोबाने १२. हे पाच महिने मला कोणीच सांगितले नव्हते. ऑफर लेटरमधे दोन वर्षं आणि बाँडमधे दोन वर्षं, शब्द तेच, मोजायची सुरुवात वेगळी. हे एक वाक्य सहीच्या आधी बदलून मागा, "रुजू झाल्याच्या तारखेपासून" करून मागा. कधीकधी करतात बदलून, मी स्वतः दोघांना करून घ्यायला सांगितलं आणि एकाचं झालं.

रक्कम कमी कमी होत जाते का? म्हणजे २४ पैकी २० महिने केले तर फक्त चार महिन्यांचे पैसे, की शेवटच्या आठवड्यात सोडलं तरी पूर्ण रक्कम? प्रो-राटा म्हणजे उरलेल्या महिन्यांपुरतेच पैसे, हा शब्द असेल तर उत्तम, नसेल तर मागा.

बेंचवर पगार किती? काही ठिकाणी पूर्ण देतात, काही ठिकाणी अर्धा, काही ठिकाणी स्टायपेंड म्हणून काहीतरी. अर्ध्या पगारावर ठेवणार असतील आणि तो काळ बाँडमधे पण धरणार नसतील तर ती दुहेरी मार आहे, सरळ बोला. त्यांनीच तुम्हाला काढलं तर काय, असेसमेंटमधे नापास झालात तर काय, हे पण बघा, काही बाँडमधे नापास होऊन काढलं तरी ट्रेनिंगचे पैसे भरायचे असं असतं आणि ते बहुतेक कोणी वाचतच नाही.

अजून एक ओळ अगदी शेवटी असते, वाद झाला तर कोर्ट कुठलं. कंपनीचं हेड ऑफिस बेंगळुरूला असेल तर "फक्त बेंगळुरूची कोर्टं" असं लिहिलेलं असतं. एप्रिल २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने एका खासगी बँकेच्या केसमधे असं कलम मान्य केलं, पाटणा आणि दिल्लीच्या कर्मचाऱ्यांना मुंबईतच या असं सांगितलं. म्हणजे कळव्यात राहणाऱ्या मुलाला त्या एका ओळीमुळे बेंगळुरूला तारखेला जायला लागू शकतं. ठाणे किंवा नवी मुंबई लिहून घ्या, नाहीच जमलं तर मुंबई.

स्टॅम्प पेपरबद्दल लोक खूप विचारतात. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा करारांना १०० चा चालत नाही, किमान ५०० चा लागतो. पण कमी स्टॅम्पवर किंवा साध्या कागदावर आहे म्हणून बाँड फुकट गेला असं धरू नका, राहिलेली ड्यूटी आणि दंड भरून तो कोर्टात दाखवता येतो.

काय द्यायचं नाही

ओरिजिनल मार्कशीट, डिग्री, दहावीचं सर्टिफिकेट. दाखवायचं, टेबलावर मांडायचं, त्यांना तपासू द्यायचं, आणि परत फाइलमधे घालून घरी आणायचं. द्यायच्या त्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स. आता तर डिजिलॉकरमधली मार्कशीट कायद्याने ओरिजिनलच्या बरोबरीची आहे, व्हेरिफिकेशनला तेवढं पुरतं, त्यामुळे "बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी ओरिजिनल जमा करा" याला काही अर्थच उरत नाही. माझ्या बॅचच्या एका मुलीने सगळं देऊन टाकलं होतं. तिचं पुढे एमसीएच्या कोर्सला अॅडमिशन झालं आणि कॉलेज ओरिजिनल मागत होतं, ती रोज लंचला एचआरच्या केबिनबाहेर उभी राहायची, ते स्टीलचं कपाट तिला काचेतून दिसायचं, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे ते सर आज आले नाहीत असं रोज ऐकायची. अकरा दिवस. शेवटी तिच्या दादाने वकिलाची नोटीस पाठवल्यावर एका तासात फाइल मिळाली.

कोणाचे आधीच अडकले असतील तर मेलवर लिहून मागा, कोणकोणती कागदपत्रं, कोणत्या तारखेला दिली, कधीपर्यंत परत हवीत. मग नोटीस. हरवलं म्हणून पोलिसांत खोटी तक्रार करून वाशीच्या बोर्डातून दहावी-बारावीचं डुप्लिकेट काढायचा सल्ला कोणीतरी देतोच, ते करू नका, खोटं प्रतिज्ञापत्र तुमच्याच नावावर राहतं.

दुसरं, कोरा चेक. बाँड हा दिवाणी विषय आहे, बाँड मोडला म्हणून पोलीस तुम्हाला उचलत नाहीत, एचआर कितीही म्हणो. पण चेक दिला की विषय फौजदारी होतो. चेक बाउन्स झाला की बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत ते नोटीस पाठवू शकतात, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ खाली मॅजिस्ट्रेटकडे तक्रार, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मी फक्त सही केली होती, रक्कम त्यांनी भरली" हे म्हणून सुटका होत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मधेच सांगितलंय की सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला होता असं धरून चालतात, तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. स्टॉप पेमेंट केलं तरी १३८ लागू शकतं. त्यामुळे नाही म्हणा, चेकबुक नाही आणलं म्हणा. अगदीच दिल्याशिवाय नोकरी नाही अशी वेळ आली, आणि घरची परिस्थिती मला कळते, अशी वेळ येते, तर कंपनीचं नाव आणि रक्कम स्वतःच्या हाताने भरा, चेक क्रॉस करा, आणि त्याच संध्याकाळी एचआरला मेल करा की अमुक नंबरचा चेक अमुक तारखेच्या बाँडसाठी फक्त सिक्युरिटी म्हणून दिला आहे. तो मेल पुढे कामाला येतो.

तिसरं, जामीनदार. बाबा, काका, मामा ज्यांची सही घेतात ते. घरच्यांना वाटतं साक्षीदार म्हणून सही आहे. साक्षीदार वेगळा आणि जामीनदार वेगळा. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच असते, म्हणजे कंपनी तुम्हाला बाजूला ठेवून थेट बाबांना पैसे मागू शकते. नावाच्या खाली काय छापलंय ते बघून मगच बाबांच्या हातात पेन द्या. मला आजही त्या चष्म्याचं वाईट वाटतं.

ट्रेनिंग आणि बेंच

एक वही करा. दोनशे पानी, साधी. रोज तारीख, ट्रेनर आला की नाही, काय शिकवलं, किती तास. मला ही सवय कॉलेजपासून होती म्हणून मी लिहायचे, पुढे तिचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आमचं ट्रेनिंग कागदावर ६० दिवसांचं होतं. वहीत मोजले तर ट्रेनर आलेले दिवस निघाले २३. बाकीचे दिवस आम्ही मशीनवर बसून फुकटचे व्हिडिओ बघत होतो आणि एकमेकांना एसक्यूएल शिकवत होतो. तो दीड लाख कशाचा, याचं उत्तर या वहीत होतं.

कायद्यात याला महत्त्व आहे. करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम ७४ म्हणतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही जास्तीत जास्त मर्यादा. म्हणजे खर्च खरंच किती झाला हा प्रश्न येतोच. तुमच्याकडे लिहून ठेवलेलं असेल तर तुम्ही तो प्रश्न विचारू शकता.

ट्रेनिंगमधे जे मिळतं ते मात्र पूर्ण घ्या. एसक्यूएल, लिनक्सच्या कमांड, एक भाषा नीट. क्लायंटचा इंटरव्ह्यू पास होईपर्यंत तुम्ही बेंचवरच असता आणि बेंचवर माणूस आतून खचतो हे मी बघितलंय. डबा घेऊन यायचं, बायोमेट्रिक करायचं, संध्याकाळी सहाला परत, आई विचारते आज काय काम केलं आणि सांगायला काही नसतं. त्या दोन महिन्यांत आम्ही पाच जणांनी रोज दुपारी तीन ते पाच एकमेकांचे मॉक इंटरव्ह्यू घेतले, त्यातूनच मला प्रोजेक्ट मिळाला.

आता एक गोष्ट गांभीर्याने घ्या. काही ठिकाणी क्लायंटला पाठवायच्या आधी तुमचा सीव्ही बदलतात, फ्रेशरला तीन वर्षांचा अनुभव लावतात, खोटे प्रोजेक्ट घालतात, आणि ते पाठ कर म्हणतात. नाही म्हणा आणि मेलवर नाही म्हणा. तुमचा यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर उघडला की पहिली नोकरी कधी लागली ते तारखेसकट दिसतं, पुढच्या कोणत्याही मोठ्या कंपनीत बॅकग्राउंड चेकला हे बाहेर येतं आणि तेव्हा काढून टाकतात तुम्हाला, कन्सल्टन्सीला नाही. माझ्याबरोबरच्या एकाचं तीन वर्षांनी, चांगल्या ठिकाणी सेटल झाल्यावर, असंच गेलं. लग्न ठरलं होतं त्याचं.

सोडायचं ठरलं तर

न सांगता गायब होऊ नका. कितीही राग आला असला तरी. रिलीव्हिंग लेटर नाही, पीएफवर एग्झिटची तारीख नाही, आणि त्यांनी अॅबस्कॉन्डिंग असा शेरा मारला की पुढच्या ठिकाणी दरवेळी खुलासा देत बसावं लागतं.

आधी आकडे मांडा, कागदावर. समजा बाँड २ लाखाचा आणि २४ महिन्यांचा, तुमचे १४ झाले, १० उरले. प्रो-राटा असेल तर २,००,००० भागिले २४ म्हणजे महिन्याला साधारण ८,३३३, दहा महिन्यांचे ८३ हजारांच्या आसपास. हातात आता २२,००० येतात आणि नवी ऑफर ४०,००० ची आहे तर दहा महिन्यांत फरक १,८०,००० चा. भरून निघा, परवडतं. पण बाँडमधे पूर्ण २ लाख लिहिले असतील आणि ते एक रुपया सोडत नसतील तर त्याच दहा महिन्यांत तुमच्याच खिशातून वीस हजार जातायत, मग नव्या कंपनीला विचारा बाय-आउट देतात का म्हणजे बाँडचे पैसे भरतात का, नाहीतर काही महिने थांबा. भावनेने ठरवू नका, मी स्वतः भावनेने ठरवलं होतं आणि पैसे उभे करायला आईची आरडी मोडावी लागली.

दोन्ही बाजूचं चुकीचं ज्ञान कानावर पडेल. एक मित्र म्हणेल बाँड भारतात चालतच नाही, कोर्टात उडतो. तसं नाहीये. मे २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमधे तीन वर्षं किंवा २ लाख असा बाँड योग्य ठरवला. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च, अधिकाऱ्याचा पगार सगळं बघून ठरवलं, त्यामुळे प्रत्येक कन्सल्टन्सीला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण बाँड आपोआप रद्द हे डोक्यातून काढा. आपल्या कल्याणचीच एक जुनी केस आहे, १९६७ ची, सेंच्युरीच्या टायर कॉर्डच्या प्लांटमधे पाच वर्षांच्या करारावर असलेला माणूस मधेच सोडून कोटाच्या कंपनीत गेला, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की कराराच्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याकडे जायला मनाई करता येते.

आणि एचआर म्हणेल की पुढची दोन वर्षं तुम्ही आमच्या क्लायंटकडे किंवा दुसऱ्या आयटी कंपनीत जाऊच शकत नाही. करार संपल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही, आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या केसमधे २००६ ला सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, करार संपल्यावर पुढे बांधून ठेवता येत नाही. आणि कोर्ट कोणालाही जबरदस्तीने त्याच खुर्चीत बसून काम करायला लावत नाही, फार तर पैसे द्यायला लावेल.

राजीनामा मेलवर द्या, नोटीस पिरियड लिहा, शेवटची तारीख लिहा. मग ते हिशोबाचा कागद पाठवतील. मला आला तो १,७७,००० चा होता. दीड लाख आणि वर १८ टक्के जीएसटी, २७,०००. तेव्हा आम्हाला तो भांडून काढायला लावावा लागला. आता ३ ऑगस्ट २०२२ चं जीएसटीचं परिपत्रक आहे, १७८ नंबरचं, त्यात स्पष्ट लिहिलंय की नोकरी सोडताना वसूल केलेल्या बाँडच्या रकमेवर किंवा नोटीस पेवर जीएसटी लागत नाही. अजूनही काही जण लावतात. परिपत्रक जोडून मेल करा, बहुतेक वेळा काढतात.

मग बोलणी. मी वही घेऊन गेले. त्याच काचेच्या केबिनमधे. २३ दिवसांची यादी समोर ठेवली आणि विचारलं की दीड लाख खर्चाचा हिशोब दाखवा, ट्रेनरला किती दिले, जागेचं किती धरलं. आवाज थरथरत होता पण विचारलं. त्यांच्याकडे हिशोब नव्हता. जॉइनिंगपासून मोजलं तर माझे सात महिने उरत होते, ४३,७५०, आणि त्यांच्या मोजणीने बारा, ७५,०००. शेवटी ५०,००० वर मिटलं. मी काही वकील नाही, प्रत्येकाचं असं होईलच असं सांगत नाही, पण विचारल्याशिवाय कमी कोणाचंच होत नाही.

पैसे द्यायच्या आधी सेटलमेंटचा कागद हातात घ्या, त्यात "या रकमेनंतर बाँडचं काहीही देणं राहत नाही" हे वाक्य असलं पाहिजे, जामीनदाराचं नाव घालून. पैसे एनईएफटीने, कॅश नाही. चेक दिले असतील तर नंबर तपासून त्याच दिवशी परत. रिलीव्हिंग लेटर कधी मिळणार ते त्याच कागदावर लिहून घ्या. उरलेला पगार अडवून ठेवत असतील तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झालेत, त्यातल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. मेलमधे याचा उल्लेख करा.

वकिलाची नोटीस आली तर घाबरून घरात लपवू नका. नोटीस म्हणजे कोर्टाचा निकाल नाही, पण उत्तर न देणं हे पण चुकीचं. वकिलाला परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, हेल्पलाइन १५१००. मुलींना आणि एससी-एसटीमधल्या सगळ्यांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे वकील मोफत मिळतो. हे आमच्या बॅचमधे कोणालाच माहीत नव्हतं, कपाटात कागद अडकलेल्या त्या मुलीच्या दादाने तेव्हा नोटिशीला खिशातून तीन हजार घातले.

सोडल्यावर दोन महिन्यांनी एकदा यूएएन उघडून बघा. कंपनीने एग्झिटची तारीख टाकली नसेल तर शेवटचा पीएफ जमा झाल्यापासून दोन महिने झाल्यावर तिथल्या मॅनेज मेनूमधे जाऊन मार्क एग्झिट तुम्ही स्वतः करू शकता, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. एकदा टाकलेली तारीख बदलायला खूप फेऱ्या होतात, त्यामुळे रिलीव्हिंग लेटर समोर ठेवून, त्यावरचीच तारीख बघून भरा.